आयुष्याचं टोपडं

एखाद्याला फसवलं की लोक म्हणतात, त्याला टोपी घातली. हे बोलणं ज्याने कुणी काढलं असेल, त्याला एकदा धुळ्याच्या नथ्थूआबांपुढे उभं करायला हवं होतं. आबांनी उभ्या जन्मात गावंच्या गावं टोप्यांनी झाकली, पण फसवलं म्हणाल तर एकाही माणसाला नाही. आणि त्यांची सून मंदाबाई, जिची ही हकिगत, तिच्या हातून एकदा जे झालं त्याला चूक म्हणा हवं तर. तिने मात्र ते जिवाला असं लावून घेतलं की विचारू नका. तिचा स्वभावच तसा.

दुकान आग्रा रोडच्या मागच्या बोळात होतं. दुकान कसलं, भिंतीतला कोनाडाच जरा मोठा केलेला. एक शिलाई मशीन, एक फळी, कोळशाची इस्त्री आणि टोप्या चढवायला लाकडाचे गुळगुळीत ठोकळे. गिऱ्हाईक बाहेर पायरीवर बसायचं. आबा पांढरी टोपी शिवायचे, खादीची नाहीतर मांजरपाटाची, ज्याला जशी झेपेल तशी.

आबांची रीत जगावेगळी. टोपी शिवतानाच ते आत दोन बोटं कापड मुडपून ठेवायचे. त्याला ते दाब म्हणत. कशासाठी, तर बाप वारला की माणूस केस काढतो आणि त्याच बोडक्या डोक्याच्या मापाने दुखवट्याची टोपी येते. पुढे केस वाढले की ती कपाळाला करकचते. मग दाब सोडायचा, की टोपी अर्धा इंच मोठी. वरची बाजू मळून पिवळी पडली की अख्खी टोपी उसवून उलटायची, आतली कोरी बाजू बाहेर. उलटलेलीही विटली की तिच्यातलं धड कापड काढून लहान मुलाचं टोपडं शिवायचं. त्यातून उरल्यासुरल्या चिंधीच्या वाती. धुवायला रिठे, कडक करायला भाताच्या पेजेची कांजी. "वावरमातलं कपाशीनं बोंड देवापुढे जळीसन सरनं पाहिजे, उकिरड्यावर नही," असं आबा म्हणायचे. आता शिकलेली मंडळी असल्या गोष्टींना मोठमोठी नावं देतात. आबा त्याला नुसतं कापडाची लाज राखणं म्हणत.

आणि त्याच काळात बाजारात आल्या त्या आहेराच्या टोप्या! अहो, काय सांगावं त्यांचं. आत पुठ्ठा, वर खळ, शिलाई जेमतेम. लग्नात मानपानाला म्हणून पाव्हण्याच्या डोक्यावर ठेवायची. ती त्याच्या डोक्यावर वाटीसारखी बसणार, फोटोपुरती राहणार आणि संध्याकाळी पिशवीत जाणार. पुढच्या लग्नात हाच पाव्हणा तीच टोपी दुसऱ्याला घालणार. बिचारी टोपी सात लग्नं हिंडून यायची, पण घाम कसला तो तिला माहीत नाही. आबांना अशा टोप्या शिवून द्या म्हणून व्यापारी विचारायला आले, तेव्हा आबांनी त्यांना पाणी दिलं, तंबाखू दिली आणि नाही म्हणून सांगितलं. "जी टोपी कोणी घालनार नही, ती मी शिवनार नही." झालं, विषय संपला.

मंदा या घरात आली साक्रीकडच्या खेड्यातून. सासू आधीच गेलेली. नवरा अभिमन एस.टी.त कंडक्टर, धुळे-जळगाव फेरीवर. घरात टोप्यांचा ढीग, आणि हा गडी डोक्यावर टोपी घ्यायचा नाही. का, तर पुढे काढलेला केसांचा फुगा बसतो! आबा त्याच्याकडे बघायचे आणि कपाळावर हात मारायचे. दुकान आपल्यामागे बंद पडणार हे त्यांनी मनाशी धरलंच होतं.

एक दिवस त्यांनी पाहिलं, सून परकराची शिवण उसवत बसली आहे, आणि ओढाताण नाही, कात्री नाही, सुईच्या टोकाने एकेक टाका असा उचलते आहे की कापडाला कळतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला दुकानात नेलं. वर्षभर फक्त उसवायला लावलं. ती वैतागायची. "आबा, शिवाले कधी शिकाडशात?" तर आबा म्हणायचे, "शिवाले काय, कोणी बी शिवी. कापडले न दुखाडता टाका काढता उना, म्हंजे समज तू कारागीर व्हयनी."

भाऊबंदांनी नाकं मुरडली. भर बाजारात सून बसवता? आबा म्हणाले, "मग तुम्ही या बसाले." कोणी आलं नाही. म्हणून मंदाबाई रोज सकाळी मशीनला हात लावण्याआधी आबांच्या कात्रीला हात लावून तो कपाळाला न्यायची. देवाचं नाव मागून. देवाने जन्म दिला असेल, पण हातात कात्री आबांनी दिली, असं ती कुणालाही तोंडावर सांगायची.

आबा अठ्ठ्याऐंशी साली गेले. तोवर टोपी घालणारे म्हातारे कमी होत चालले होते आणि तरुण पोरांना टोपी म्हटलं की हसू यायचं. दुकान टिकलं ते टोपड्यांवर. त्याचं असं आहे, आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवून ठेवत नाहीत, अपशकुन मानतात. आणि जन्मल्यावर पहिल्यांदा अंगाला नवं कापड लावत नाहीत. जुनं, मऊ, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं कापड लागतं. तेही कुणाचंही नाही. घरातलं जे माणूस पिकलं पान झालं असेल, त्याच्या धोतराचं, लुगड्याचं, टोपीचं. त्याचं आयुष्य बाळाला लाभावं म्हणून. बाळ जन्मलं की आजा-पणजाची जुनी टोपी मंदाबाईकडे यायची आणि पाचवीच्या पूजेआधी टोपडं होऊन जायची. लोक त्याला आयुष्याचं टोपडं म्हणत.

पार जळगाव, एरंडोल, पारोळ्याहून टोप्या यायच्या, अभिमनच्या तिकिटाच्या पेटीशेजारच्या पिशवीतून. कोणाची टोपी कोणती हे ओळखायला आबांनी एक युक्ती घालून दिली होती. टोपी आली की आधी दाबाच्या आत रंगीत दोऱ्याचा टाका घालायचा, लाल टाका आयुष्याच्या टोपीला, बाकीच्यांना दुसरे रंग. मग ती टोपी एकटी धुवायची, एकटी वाळवायची, आणि शेवटी एकटीच उसवायची. दोन टोप्या एका घमेल्यात घालायच्या नाहीत. "दोन मानसं एक आंगोयना पानीमा बसतस का?" असं आबा विचारायचे. आंघोळीचं पाणी ज्याचं त्याचं, हे मंदाबाईलाही पटलेलं होतं.

तर एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी देवपुरातल्या मंजुळाबाई आल्या. पांझरा नदीपलीकडे एका खोलीत त्या एकट्या राहायच्या आणि लोकांच्या घरी धान्य निवडून देऊन पोट भरायच्या. मुलगा गुलाब मार्केट यार्डात हमाल होता. उन्हाळ्यात काविळीने गेला. सव्वीस वर्षांचा, लग्नाची बोलणी चाललेली. घरात त्याचा फोटो नाही. काढू, काढू म्हणता राहिला. राहिली ती एक टोपी.

"उलटी दे, कांजी कर, आनी घडी करी दे. पेटीमा ठेवसू," त्या म्हणाल्या. टोपी हातात देताना मात्र त्यांनी ती परत मागे घेतली. "धुवनीच पडी का वं? त्याना वास शे तिनामा."

मंदाबाईने समजावलं, "अक्का, घामनं मीठ कापडले खाई टाकस. नही धुई, ते वरीसभरमा चिंध्या व्हई जातीन." मंजुळाबाईंनी टोपी एकदा तोंडाशी धरली आणि देऊन टाकली. मंदाबाईने त्यांच्यादेखत हिरवा टाका घातला.

त्याच दिवशी अभिमन जळगावहून टोपी घेऊन आला. डाळमिलमधल्या रुपचंद मुकादमाला मुलगा झाला होता. आधीची दोन मुलं महिन्याच्या आतच गेली होती, त्यामुळे घर नुसतं श्वास रोखून बसलेलं. रुपचंदचे आजोबा भिकानाना नव्वदीच्या पुढे गेलेले, त्यांची ही टोपी. पाचवी परवावर आली. उद्याच्या सकाळच्या गाडीने टोपडं पोचलंच पाहिजे.

बाहेर झिमझिम चालू, कापड वाळायला वेळ लागणार. मंदाबाईने मनाशी म्हटलं, आधी दोन्ही उसवून घेते, सुट्टे तुकडे लवकर वाळतील. तिने दाब सोडले, दोन्ही टोप्यांचे तुकडे एकाच घमेल्यात रिठ्याच्या पाण्यात बुडवले. आबांनी घालून दिलेला क्रम तिने त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. दाबासोबत लाल टाका गेला, हिरवा टाकाही गेला, आणि माप दोन्हीचं सारखंच, साडेएकवीस. मळाखाली कोणती किती झिजली आहे, हे तिने आधी नीट पाहिलंच नव्हतं.

इस्त्रीने वाळवलेले तुकडे फळीवर मांडल्यावर तिच्या ते ध्यानात आलं. पण ती घाबरली नाही, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. तिला वाटलं, ओळखायचं काय त्यात! एक टोपी चांगली दणकट होती, कापड अजून भरीव. दुसरी पार झिजलेली, माथ्यावर तर इतकी विरळ की पलीकडचं दिसावं. नव्वद वर्षांचं डोकं, झिजणारच की. सव्वीस वर्षांच्या पोराची टोपी झिजून झिजून किती झिजेल? तिने मऊ कापड गालाला लावून पाहिलं. बाळाला असंच हवं. विरळ माथा दुहेरी घालून, पाठीमागे नेहमीसारखा दाब ठेवून, बंद लावून तिने असं सुबक टोपडं शिवलं की स्वतःच त्याच्याकडे बघत बसली. सकाळी ते जळगावला गेलं.

मंजुळाबाई महिन्याभराने आल्या. हातातलं काम झाल्याशिवाय त्यांना यायला जमलं नव्हतं. मंदाबाईने उलटलेली, कांजी केलेली, पांढरीशुभ्र टोपी त्यांच्या हातावर ठेवली. मंजुळाबाईंनी ती फिरवून पाहिली. अंगठ्याने माथा चाचपला.

"हाई मना गुलाबनी टोपी नही."

"अक्का, धुई ना, म्हनीसन नवी वाटस."

"नही वं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तो डोकावर गोण्या वाहे. वरथीन पार चाळणी व्हयेल व्हती. इतली धड टोपी मना पोऱ्याले कधी भेटनीच नही."

मंदाबाईला फळीवरचे ते तुकडे आठवले. विरळ माथा. वय नव्हतं ते, वजन होतं! गोण्यांखाली झिजलेली टोपी तिने म्हातारपणाने झिजली म्हणून कापली होती. मग तिने लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. उसवलं कधी, धुतलं कसं, ओळखलं कशावरून. सांगता सांगता रडायला लागली. "मारा माले, अक्का. आबानं नाव बुडायं मी."

मंजुळाबाई पायरीवर बसल्या. ती धड टोपी त्यांनी परत फळीवर सरकवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मंदाबाईला वाटलं. शेवटी त्यांनी विचारलं, "कोना डोकावर शे आते?"

"जळगावले शे. एक बाळना डोकावर."

"जित्तं शे ना ते?"

"हा अक्का. गुटगुटीत शे, मना मालक सांगेत."

मंजुळाबाईंनी डोळे पुसले. "माले एक डाव दखाड," त्या म्हणाल्या.

घरी अभिमनने ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "तुला वेड लागलं का मंदा? पोरगं बरं आहे, सोन्यासारखं आहे. त्यांना काय कळतंय टोपी कोणाची? तू जाऊन सांगणार की तुमच्या नातवाच्या डोक्यावर मेलेल्या तरुण माणसाचं कापड आहे? आधीच दोन पोरं गेलेलं घर ते. टोपडं चुलीत घालतील, आणि पुन्हा जळगावहून एक टोपी येणार नाही. मंजुळाअक्कालाही काही मिळणार नाही, आपलंही जाईल."

खोटं काय होतं त्यात? एक शब्द खोटा नव्हता. मंदाबाईला हेच तर खात होतं. गप्प बसावं तर मंजुळाबाईंच्या हातात काहीच नाही, त्यांच्या मुलाचं शेवटचं कापड कुठल्या परक्या घरी आणि त्यांना ते डोळ्यांनी बघायलाही नाही. बोलावं तर ते कापड कायमचंच जाईल. तिने आबांच्या कात्रीकडे पाहिलं. कात्री काय बोलणार? पण आबा असते तर पहिल्या गाडीने गेले असते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"उद्या तुमच्याच गाडीत दोन जागा धरा," ती म्हणाली. अभिमन चिडून जेवला, पण जागा धरल्या.

गाडीत मंजुळाबाई खिडकीशी बसल्या. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि पदराच्या गाठीत अळिवाची पुडी होती. बाळंतिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. मंदाबाईच्या मांडीवर भिकानानांची टोपी. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. अभिमन तिकिटं फाडत पुढे-मागे फिरायचा आणि जाताना बायकोकडे बघायचा नाही. पुढच्या थांब्यावर मात्र तो आला, चहाचे दोन ग्लास दोघींच्या हातात दिले आणि म्हणाला, "मी बी येतो. परतीच्या फेरीला वेळ आहे." मंदाबाईला रडूच आलं.

रुपचंदचं घर डाळमिलच्या मागे होतं, अंगणात तुरीच्या फोलकटाचा वास. ओसरीवर खाटेवर भिकानाना, हाडाचा सापळा पण डोळे चकचकीत. रुपचंदची आई द्रौपदाबाई पुढे आली. आत त्याची बायको कुंदाबाई बाळ मांडीवर घेऊन बसलेली. बाळाच्या डोक्यावर ते टोपडं. मंजुळाबाई दारातच थांबल्या. त्यांची नजर दुसरीकडे कुठे गेलीच नाही.

टोपडेवाली आली म्हणून द्रौपदाबाईने कौतुकाने पाट मांडला. त्या पाटावर न बसता मंदाबाईने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसले तर तोंडातून शब्द निघणार नाही, अशी तिला भीती होती.

"काय करी बठनी वं बाई तू!" द्रौपदाबाई ओरडली. "मरेल मानूसनं कापड मना नातूना डोकावर?" तिने झेप घेऊन बंद ओढले, टोपडं उपसून काढलं आणि दाराकडे भिरकावलं. बाळ दचकून उठलं आणि त्याने टाहो फोडला. टोपडं मंजुळाबाईंच्या पायाशी पडलं. त्या वाकल्या, त्यांनी ते उचललं, पदराने झटकलं आणि छातीशी धरून उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत. "माफ करज्या बाई," एवढंच म्हणाल्या. "मना पोऱ्या वाईट नव्हता."

बाळ मात्र थांबायला तयार नाही. लालबुंद झालं. कुंदाबाईने खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, पदर दिला, काही उपयोग नाही. मग ती सासूकडे बघून बोलली.

"आत्या, आधीच्या दोघांना कोणाचं घातलं होतं?"

द्रौपदाबाईने पदर तोंडाला लावला.

"नानांच्याच धोतराचं ना? तुम्हीच हाताने शिवलं होतं. मी काही नानांना बोल लावत नाही. पण ती दोघं राहिली का?" तिने बाळाला घट्ट धरलं. "हे राहिलं. महिना झाला. महिनाभर या टोपड्याशिवाय ते झोपलं नाही. मी नाही ते काढू द्यायची."

मग ती मंजुळाबाईंकडे वळली. "मावशी, काय करायचे तुमचे गुलाब?"

"हमाली," मंजुळाबाई म्हणाल्या.

खाटेवरून नाना हसले. दात नव्हते, त्यामुळे हसू आधी दिसलं आणि आवाज नंतर आला. "मी ते टोपी बाजारलेच घालू," ते म्हणाले. "वावरमा डोकाले फडकं. टोपी झिजी कशी? आनी ती देख, दोन-दोन मणन्या गोण्या झेलेल टोपी शे ती. मजबूत व्हई पोऱ्या. द्रौपदा, ऱ्हाऊ दे."

कुंदाबाईने रडतं बाळ मंजुळाबाईंच्या हातात दिलं. "घाला तुम्हीच," ती म्हणाली. बंद दोनदा सुटले. तिसऱ्यांदा बसले. बाळाने दोन हुंदके दिले, मुठी सोडल्या आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकली. मग मात्र त्यांना आवरेना. त्यांच्या मागोमाग द्रौपदाबाईही रडायला लागली, दोन गेलेल्या नातवंडांची नावं घेऊन. बायकांनी मन मोकळं करून घेतलं आणि अभिमन ओसरीवर उगाच चपला सरळ करत बसला.

अळिवाची पुडी कुंदाबाईने दोन्ही हातांनी घेतली. नानांची टोपी नानांना मिळाली. उलटलेली, कांजीची, कोरी करकरीत! ती त्यांनी लगेच घातली, आरसा मागितला आणि शनिवारच्या बाजाराला नेण्याचा हट्ट धरला. जेवल्याशिवाय कोणाला सोडलं नाही. अभिमनची परतीची फेरी जेमतेम गाठली.

आता बघा, अभिमन म्हणाला होता की जळगावहून पुन्हा टोपी येणार नाही. उलटं झालं. चूक केली ती केली, पण गाडी धरून सांगायला आली, ही गोष्ट डाळमिलच्या बायकांत फिरली आणि पुढच्या वर्षी त्याच भागातून इतक्या टोप्या आल्या की अभिमनला दुसरी पिशवी करावी लागली. मंदाबाईनेही आपल्यात एक बदल केला. आधी ती टोपी हातात घेऊन विचारायची, "किती वर्षांचे आहेत?" आता विचारायची, "कोणाची? काय करतात?" लोक मग पायरीवर बसून बोलत राहायचे, आणि ती ऐकत ऐकत टाका घालायची. घमेलं एक आणि टोपी एक, हा नियम मात्र तिने जन्मात पुन्हा मोडला नाही.

टोपडं मध्ये दोनदा धुळ्याला येऊन गेलं. बाळाचं डोकं वाढत होतं. मंदाबाईने एकदा अर्धा दाब सोडला, पुढे उरलेला सोडला. प्रत्येक वेळी ती मंजुळाबाईंना बोलावून आणायची, त्यांच्यादेखत उसवायची आणि त्यांच्याच हाताने पिशवीत ठेवायला लावायची. मंजुळाबाईही सणावाराला जळगावला जाऊन यायच्या. पोरगं त्यांना बघून दोन्ही हात पुढे करायचं. "देवपूरनी आजी" म्हणून त्या घरात त्यांचा पाट ठरला. जिला आपलं म्हणायला कुणी उरलं नव्हतं, तिला बोलवायला आता दर संक्रांतीला अभिमनच्या पिशवीतून निरोप यायचा. मंदाबाई म्हणायची, माझ्या हातून एवढी मोठी चूक झाली आणि देवाने, आबांनी, या दोन घरांनी मिळून ती सांभाळून घेतली. माझं पुण्य ते किती, आणि पदरात केवढं पडलं!

तिसऱ्यांदा टोपडं आलं तेव्हा पोरगं पळायला लागलेलं होतं. दाब संपला होता. सोबत कुंदाबाईचा निरोप होता, तो अभिमनने जसाच्या तसा सांगितला. "आता हे बाळाच्या डोक्याला बसत नाही. याच्या वाती करू नका. हे आता मावशींचं आहे."

मंदाबाईने मंजुळाबाईंना बोलावलं. त्या आल्या, पायरीवर बसल्या आणि टोपडं हातात घेऊन फिरवून फिरवून बघत राहिल्या. माथ्याचं विरळ कापड अजून तसंच होतं, दुहेरी घातलेलं. कडेला तेलाचा पिवळा डाग, एका बंदाला चावल्याची खूण. मंदाबाईने रिठ्यांचं भांडं पुढे ओढलं आणि विचारलं, "अक्का, धुईसन कांजी करी देऊ का? पेटीमा चांगलं राही."

मंजुळाबाईंनी टोपडं नाकाशी धरलं. डोळे मिटून कितीतरी वेळ धरून ठेवलं. त्यात आता घामाचा वास नव्हता. दुधाचा होता, खोबरेल तेलाचा होता, लहान पोराच्या डोक्याचा होता.

"नही," त्या म्हणाल्या. "हाई धुवू नको, मंदा."

मंदाबाईने भांडं मागे सारलं.